पाणंदीमागून पाणंद : कॉट्सवोल्ड्समधली शांत सायकलवाट कशी आखावी

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून वूस्टरकडे जाणारी गाडी रेडिंग आणि ऑक्सफर्ड मागे टाकून चार्लबरीच्या पुढे गेली, की खिडकीबाहेर कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या मुलखातले बारीक रस्ते दिसायला लागतात. दोन्ही बाजूंना झाडीचं कुंपण, मध्ये जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढी वाट, आणि ती वाट वळणं घेत कुठल्याशा चर्चच्या मनोऱ्याकडे निघालेली. आपल्याकडे अशा वाटेला पाणंद म्हणतात. इथल्या पाणंदी डांबरी आहेत. शिवाय एक पाणंद दुसरीला, दुसरी तिसरीला मिळते. त्या जोडता आल्या तर दिवसभर सायकल चालवूनही मोटारी मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात.

हे जोडणं नशिबावर सोडू नका. रेडिंगला राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी नुसती सायकल घेऊन निघत असे आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या मोठ्या रस्त्यावर, लॉरींच्या वाऱ्यात सापडत असे. शांत रस्ता आदल्या रात्री, घरी, नकाशावर शोधावा लागतो हे मला उशिरा कळलं. म्हणून या लेखाचा बराच भाग नकाशाबद्दल आहे. शेवटी एक पूर्ण वाट दिली आहे. ती साधारण ३५ किलोमीटरची असून एका स्टेशनवर सुरू होते आणि दुसऱ्या स्टेशनवर संपते.

आधी रस्त्यांची जात ओळखा

इंग्लंडमध्ये रस्त्याच्या नावातच त्याची जात असते. 'एम' म्हणजे मोटारवे. तिथे सायकलला बंदी आहे. 'ए' म्हणजे मुख्य रस्ता. त्यावर सायकलला कायद्याने मनाई नसते, पण गावाबाहेरच्या, दुभाजक नसलेल्या दुपदरी 'ए' रस्त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे जवळपास ९६ किलोमीटर असते आणि कडेला सायकलसाठी वीतभरही जागा नसते. 'बी' रस्ते मधले. काही सकाळी सुनसान, काही दिवसभर भरलेले. यांच्या खाली बिननंबरी रस्ते येतात, आणि आपल्याला हवे आहेत ते हेच.

गावाबाहेर पांढऱ्या गोलात काळी तिरकी पट्टी असलेला फलक दिसला की वेगमर्यादा ६० मैल झाली असं समजा. हा फलक अगदी अरुंद पाणंदीच्या तोंडाशीही असतो. त्या वळणांवर ६० ने कुणी जाऊ शकत नाही हे खरं, पण कायद्याने परवानगी तेवढी आहे हे लक्षात असू द्यावं.

कागदी नकाशा घेणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा घ्या. गुलाबी मुखपृष्ठाची लँडरेंजर मालिका १:५०,००० प्रमाणाची आहे आणि केशरी मुखपृष्ठाची एक्सप्लोरर मालिका १:२५,००० ची. डांबरी रस्त्यावरच्या सायकलीला गुलाबी पुरते. एका पत्रकावर ४० बाय ४० किलोमीटरचा मुलूख मावतो, म्हणजे एका दिवसाची वाट बहुधा एकाच पत्रकात बसते. तिच्यावर पिवळे रस्ते शोधा. जाड पिवळा साधारण ४ मीटरपेक्षा रुंद, बारीक पिवळा त्याहून अरुंद. रस्त्यावर छोटे बाणही छापलेले असतात. एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक इतका चढ, म्हणजे १४ ते २० टक्के. दोन बाण म्हणजे त्याहून खडा. बाणाचं टोक नेहमी उताराकडे असतं. हे उलटं वाचलंत तर आरामाचा उतार समजून तुम्ही चढाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहाल.

तुटक रेषांनी (गुलाबी नकाशावर लाल, केशरीवर हिरव्या) दाखवलेल्या वाटांबद्दलही सांगायला हवं. सार्वजनिक पायवाटेवर सायकल चालवायची नाही. घोडेवाटेवर, म्हणजे ब्रायडलवेवर, १९६८ च्या कंट्रीसाइड कायद्याने सायकलला परवानगी आहे, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी लागते. रोड सायकलवाल्यांनी मात्र परवानगी असूनही तिकडे जाऊ नये. बारीक टायर आणि कॉट्सवोल्ड्सचा चिकट चिखल यांचं जमत नाही.

नकाशावर वाट जोडण्याची माझी रीत

बहुतेक लोक आधी बघायची गावं ठरवतात आणि मग त्यांना जोडणारे रस्ते शोधतात. मी उलटं करते. आधी पेन्सिलीने त्या भागातले सगळे 'ए' रस्ते गडद करते. पत्रकावर मग मोठे मोठे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याच्या आत पाणंदींचं जाळं असतं, आणि शांतता त्या तुकड्यांच्या आत आहे. खरा प्रश्न एवढाच उरतो की एका तुकड्यातून दुसऱ्यात कुठून ओलांडायचं.

उत्तम ओलांडणी म्हणजे जिथे पाणंद मोठ्या रस्त्याला सरळ छेदून समोर पुढे जाते. तिथे थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, ओलांडायचं, की दहा सेकंदांत आपण पुन्हा झाडीत. मध्यम ओलांडणीत समोरची पाणंद थोडी सरकलेली असते आणि मोठ्या रस्त्यावरून शे-दोनशे मीटर जावं लागतं. ते अंतर उजव्या हाताला असेल तर बरं, कारण रस्ता एकदाच ओलांडावा लागतो आणि पुढची पाणंद डावीकडेच मिळते. डाव्या हाताला असेल तर धावत्या मोटारींमध्ये, रस्त्याच्या मधोमध थांबून उजवीकडे वळण्याची जोखीम घ्यावी लागते. किलोमीटरभर किंवा जास्त मोठ्या रस्त्यावरून जावं लागत असेल तर मी बहुतेक वेळा ती वाटच रद्द करते. ओलांडण्या ठरल्या की वाट जवळजवळ आपोआप तयार होते. गावं त्या वाटेवर सापडतातच, कारण या भागात दर तीन-चार किलोमीटरला गाव आहे.

त्यानंतर प्रत्येक पाणंदीला एक प्रश्न विचारायचा. मोटारवाल्याला हा रस्ता कशासाठी लागेल? दोन बाजारगावांमधलं अंतर कमी करणारा बिननंबरी रस्ता फसवा असतो. नकाशावर तो बारीक आणि पिवळा दिसतो, पण सकाळी कामाला निघालेले सगळे तिथूनच पळत असतात, आणि अशा रस्त्यापेक्षा एखादा 'बी' रस्ता परवडतो. उलट जो रस्ता दोन शेतं, एक चर्च आणि चार घरं ओलांडून वळसा घालून पुन्हा तिथेच येतो, त्यावर टपालाची गाडी आणि ट्रॅक्टर यांखेरीज कुणी भेटत नाही. वळसा जितका मोठा तितकी शांतता जास्त, असं ढोबळमानाने म्हणायला हरकत नाही.

ओलांडणीच्या जागा संगणकावर रस्त्याच्या छायाचित्रांत बघून घ्या. मोटारी किती लांबून दिसतात, वळणाआडून येतात का, कडेला उभं राहायला गवत आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. मी बाकी कशाचा आळस करेन, या पाच मिनिटांचा करत नाही.

ॲपवर किती विसंबायचं

कोमूट, राइड विथ जीपीएस, सायकल डॉट ट्रॅव्हल अशी साधनं वाट झटपट आखून देतात, चढ-उताराचा आलेख दाखवतात आणि फोनला वळणं बोलायला लावतात. वापरा. पण सायकलीचा प्रकार 'रोड' असाच निवडा आणि आखलेली वाट मोठी करून बोटाने शेवटपर्यंत फिरून बघा. एका नोव्हेंबरात मी हे केलं नाही. ॲपने मला घोडेवाटेवर घातलं आणि दोन किलोमीटर चिखल-पाण्यातून सायकल खांद्यावर घ्यावी लागली. ब्रेकमध्ये माती इतकी भरली होती की चाक फिरेना.

स्ट्राव्हा या ॲपच्या हीटमॅप नावाच्या नकाशावर सायकलवाल्यांनी मळलेले रस्ते ठळक दिसतात. स्थानिक लोक एखादा मोठा रस्ता कुठे ओलांडतात हे त्यावरून छान कळतं. वाट फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं. राष्ट्रीय सायकल जाळ्याचे निळे फलकही भेटतील. त्यावर लाल चौकोनात नंबर असतो. ते फलक आधाराला चांगले आहेत, पण त्यांच्यामागे डोळे मिटून जाऊ नका. त्या जाळ्यातल्या काही वाटा मध्येच खडीच्या होतात.

सह्याद्रीवरून समजणारा भूगोल

कॉट्सवोल्ड्स म्हणजे पश्चिमेकडून उचलला गेलेला चुनखडीचा एक कलता थर आहे. पश्चिमेला एकदम कडा आणि पूर्वेला, आग्नेयेला हळूहळू उतरत गेलेली जमीन. कोकणातून घाट चढून देशावर आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. उंची मात्र फार वेगळी आहे. इथला सर्वात उंच माथा, क्लीव्ह हिल, ३३० मीटरचा. पण तर्क तोच. आपल्या कृष्णा-भीमा जशा पूर्वेकडे वाहतात, तशा विंडरश, आय, डिकलर, इव्हनलोड या नद्या कड्यामागून उगम पावून आग्नेयेकडे, थेम्सकडे जातात.

सायकलवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. नदीच्या काठाने गेलात तर पाय निवांत. एका नदीवरून दुसऱ्या नदीकडे निघालात तर मधला माथा चढावाच लागणार. चढ लांब नसतात, एक ते दोन किलोमीटरचे, पण एकामागून एक येतात. पश्चिमेच्या कड्यावरचे चढ वेगळ्याच ताकदीचे आहेत. पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका. खाली दिलेली वाट पूर्वेच्या सौम्य बाजूची आहे.

वारा बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो. त्यामुळे शक्य असेल तर सकाळी, पाय ताजे असताना, नैऋत्येकडे निघावं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परतावं. दिलेली वाट याच हिशोबाने उलटसुलट न करता एका दिशेने आखली आहे.

केव्हा जायचं

मे आणि जून. बाकीचे महिने या दोघांच्या मागून. रस्त्याकडेला काउ पार्सलीची पांढरी फुलं कमरेएवढी वाढलेली असतात, हॉथॉर्न बहरलेला असतो आणि जूनच्या मध्यावर संध्याकाळी सव्वानऊनंतरही उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या असतात आणि पर्यटक येतात. शिवाय कापणीचे मोठे ट्रॅक्टर अरुंद रस्त्यात समोर उभे राहतात.

सप्टेंबरपासून एक वेगळंच संकट येतं आणि ते कुणी आधी सांगत नाही. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेतकऱ्यांना कुंपणाची झाडी छाटायला मनाई असते. त्यामुळे छाटणी सुरू होते सप्टेंबरात. ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नच्या फांद्यांचा भुगा होतो आणि काटे रस्त्यावर पसरतात. एका टायरमध्ये तीन-तीन काटे निघालेले मी पाहिले आहेत. ताजी छाटणी दिसली की मोटारींच्या चाकांनी झाडलेल्या पट्ट्यातून चालवा. तेही जमत नसेल तर पन्नास मीटर सायकल उचलून न्या. पंक्चर काढायला लागणाऱ्या वेळापेक्षा ते लवकर होतं. १ ऑक्टोबरपासून फेझंट नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. शेतमालकांनी सोडलेले हे जड पक्षी झाडीतून अचानक चाकासमोर धावतात आणि कुठल्या बाजूला वळतील ते त्यांनाच ठाऊक नसतं. उतारावर ब्रेकवर बोटं ठेवा.

डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सावलीतल्या पाणंदींमध्ये बर्फाचा पातळ थर दिवसभर टिकतो. तापमान ३ अंशांच्या खाली असेल तर मी जात नाही.

दिवसातली वेळही महत्त्वाची आहे. रविवारी सकाळी सात ते अकरा यासारखी शांत वेळ नाही. आठवड्याच्या दिवशी जाणार असाल तर सकाळी साडेआठ आणि दुपारी सव्वातीनच्या आसपास गावातल्या शाळेजवळ नसाल असं बघा. तेवढा अर्धा-पाऊण तास पाणंदींमध्ये मोटारींची रांग असते.

सायकल आणि पिशवी

टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे घ्या. २३ चे टायर या खड्ड्यांना आणि काट्यांना पुरे पडत नाहीत. पुढे लहान चक्र ३४ दातांचं आणि मागे सर्वात मोठं ३२ किंवा ३४ दातांचं असेल तर वाटेतले सगळे चढ बसून चढता येतात. सोबत दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, मल्टिटूल आणि चेनची जोडकडी ठेवा. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा सूर्यास्तानंतर कायद्याने लागतोच, पण दाट झाडीखालच्या रस्त्यावर भर दुपारीही तो लावून ठेवा. उन्हातून सावलीत आलेल्या चालकाला तुम्ही क्षणभर दिसत नाही. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही. मी घालते, तुम्हीही घाला.

हवामानाचा अंदाज कोरडा असला तरी घडी करून खिशात मावेल असं पावसाचं जाकीट हवंच. पाऊस अर्धा तास पडतो, आणि नंतरच्या वाऱ्यात ओल्या अंगाने उतार उतरताना हात गारठून ब्रेक दाबता येत नाही.

खाण्याचं आधीच ठरवा. पब गावोगावी दिसतात, पण अनेकांचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं आणि मग संध्याकाळीच उघडतं. रविवारी तर जेवणाची टेबलं आधीच राखलेली असतात. शाकाहारी माणसाला सूप, चीज-पिकल सँडविच आणि चिप्स बहुतेक ठिकाणी मिळतात. मी शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि दोन तूप-गुळाच्या पोळ्या घेऊन निघते. गुंडाळलेली पोळी एका हातात धरून कुंपणाला टेकून खाता येते आणि दोन तास पुरते. पाण्याच्या दोन बाटल्या. पबमध्ये ग्राहकाने मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावं असा नियमच आहे, त्यामुळे एक चहा घेऊन दोन्ही बाटल्या भरून घ्यायला संकोच करू नका.

रस्त्यावरची रीतभात

आपण डाव्या बाजूने चालवत आलेलो आहोत, त्यामुळे तेवढं शिकावं लागत नाही. कानांना मात्र नवं वळण लावावं लागतं. महाराष्ट्रात मागचं वाहन हॉर्न देऊन आपण आल्याचं सांगतं. इथे मागची मोटार काहीच बोलत नाही. ती दहा मीटर मागे, मुकाट्याने, तुमच्याच वेगाने येत राहते. वाऱ्यात तिचा आवाजही कळत नाही. म्हणून दर मिनिटाला मान वळवून बघायची सवय लावा, आणि वळण्याआधी किंवा खड्डा चुकवण्याआधी तर नक्कीच.

२९ जानेवारी २०२२ पासून बदललेल्या हायवे कोडनुसार, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमावलीनुसार, शांत रस्त्यावर सायकलने आपल्या लेनच्या मध्यातून चालवावं, आणि मागून वेगवान वाहन आलं की सुरक्षित असेल तेव्हा डावीकडे सरकून त्याला जाऊ द्यावं. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने ओलांडणाऱ्या मोटारीने सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवावं असंही त्यात आहे. आंधळ्या वळणावर कडेला चिकटून चालवू नका. मध्यात असलात तर समोरच्याला लवकर दिसता आणि मागचा चुकीच्या जागी पुढे घुसत नाही. वळण संपल्यावर, रस्त्यातली रुंद जागा आली की बाजूला व्हा आणि हात करा. चालकही हात करतो. दोघांनाही बरं वाटतं.

समोरून घोडा आला किंवा पुढे चाललेला दिसला तर वेग एकदम कमी करा आणि लांबूनच माणसाच्या आवाजात 'हॅलो' म्हणा. घोड्याला मागून येणारी निःशब्द सायकल शिकारी प्राण्यासारखी वाटते. माणसाचा आवाज ऐकला की तो शांत होतो. दोन मीटर अंतर ठेवून पुढे जा, आणि स्वार थांबायला सांगेल तर थांबा.

रस्त्यात लोखंडी नळ्यांची, गुरांना अडवणारी कॅटल ग्रिड आली तर सरळ, काटकोनात, पेडल न मारता ओलांडा. पावसात उतरून चालत जा. कुठे ओढा रस्त्यावरूनच वाहत असेल, त्याला फोर्ड म्हणतात, तर शेजारी पादचारी पूल बहुधा असतोच. पाण्याखालचा दगड शेवाळलेला असतो आणि सायकल क्षणात आडवी होते.

आता वाट : किंगहॅम ते मोरटन-इन-मार्श

लंडनहून किंगहॅम साधारण दीड तास, रेडिंगहून त्याहून बराच कमी. गाडीत सायकलींना मोजक्याच जागा असतात, म्हणून तिकीट काढतानाच सायकलीची जागा राखून ठेवा. रविवारी रुळांचं काम निघून गाडीऐवजी बस येणार नाही ना, हे आदल्या दिवशी पुन्हा तपासा. अशा बसमध्ये न मिटणारी सायकल सहसा घेत नाहीत.

किंगहॅम स्टेशन गावाबाहेर, इव्हनलोड नदीच्या सपाट खोऱ्यात आहे. निघण्याआधी तासभर हाताशी असेल तर आजूबाजूला दोन ठिकाणं आपल्या इतिहासाशी बांधलेली आहेत. पूर्वेला चर्चिल नावाचं गाव, तिथे १७३२ साली वॉरन हेस्टिंग्जचा जन्म झाला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, वडगावचा तह नाकारण्यापासून १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत, इंग्रजांची सूत्रं ज्याच्या हाती होती तोच हा. किंगहॅम गावापलीकडे डेल्सफोर्ड आहे. पूर्वजांच्या हातून गेलेली तिथली जहागीर त्याने हिंदुस्थानातून परतल्यावर परत विकत घेतली आणि तिथल्या चर्चच्या आवारातच तो पुरलेला आहे. मृत्यू २२ ऑगस्ट १८१८ चा. त्याच जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन होऊन पेशवाई संपवली होती. मी त्या थडग्याशी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा सन वाचून तिथेच खाली बसले. सायकलवरून आल्याशिवाय त्या कोपऱ्यात माझं जाणं झालंच नसतं. चर्चिलमध्येच १७६९ साली विल्यम स्मिथही जन्मला. १८१५ साली इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा काढणारा हाच, आणि आज आपण ज्या चुनखडीवरून चढणार-उतरणार आहोत तिचे थर नकाशावर त्यानेच मांडले.

आता पश्चिमेकडे. 'बी ४४५०' वरून थोडं गेलं की ब्लेडिंग्टन येतं. हिरवळ, तिच्यातून वाहणारा झरा आणि बदकं. गाव संपताच 'बी' रस्ता सोडा आणि वेस्टकोट-इकोमच्या बाजूच्या बारक्या रस्त्यांत शिरा. हा दिवसाचा पहिला खरा चढ. घाई करू नका. मागे वळून बघितलंत तर इव्हनलोडचं सगळं खोरं पसरलेलं दिसतं. इकोमनंतर माथ्यावर 'ए ४२४' आडवा येतो. इथे मोटारी वेगात असतात आणि माथ्यावर वारा असल्याने त्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही. पाय टेका, दोनदा बघा, मग ओलांडा.

पलीकडे लांब उतार आणि खाली विक रिसिंग्टन. शेजारी गर्दीने फुगलेलं बोर्टन-ऑन-द-वॉटर आहे, पण इथे प्रशस्त हिरवळ, एक तळं आणि शांत चर्च यांच्याशिवाय काही नाही. संगीतकार गुस्ताव होल्स्टला पहिली नोकरी इथेच मिळाली, १८९२ साली, ऑर्गन वाजवण्याची. मला विचाराल तर संपूर्ण वाटेवरची थांबायची जागा हीच. पहिली पोळी इथे खावी.

यापुढे वाटेतला एकमेव नावडता तुकडा आहे. पाणंद 'ए ४२९' ला मिळते, आणि स्लॉटर गावांचा फाटा अगदी समोर नाही, थोडा डावीकडे आहे. हा रस्ता म्हणजे रोमनांचा फॉस वे, एक्झिटर ते लिंकन अशी रेघ ओढल्यासारखा सरळ बांधलेला, आणि सरळ असल्यानेच वेगवान. गर्दी दिसली तर उतरून कडेच्या गवतावरून सायकल ढकलत न्या. मी बहुतेक वेळा तसंच करते.

फाट्यावर वळलं की लोअर स्लॉटर. नावाचा कत्तलीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत दलदलीच्या जागेला जो शब्द होता त्याचं हे रूप. आय नदी गावाच्या मधून, दगडी कठड्यांमधून वाहते आणि टोकाला जुनी पाणचक्की आहे. अकरानंतर इथे पर्यटक उतरतात, त्याआधी पोहोचा. दीड-दोन किलोमीटरवरचं अप्पर स्लॉटर त्याहून निवांत. दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेली या गावची सगळी माणसं जिवंत परतली. इंग्लंडातल्या जवळजवळ प्रत्येक गावात मृत सैनिकांचं स्मारक असतं, तसं इथे नाही. चर्चखालच्या उतारावर फोर्ड आहे, तिथे वर सांगितलेलं विसरू नका.

पायांत अजून जोर असेल तर इथून नॉन्टन आणि गायटिंग पॉवर असा पश्चिमेकडचा वळसा घेता येतो. वीसेक किलोमीटर आणि तीन चांगले चढ वाढतात. नसेल तर ईशान्येकडे लोअर स्वेल, मग डिकलर नदीच्या बाजूने अप्पर स्वेल. स्टो-ऑन-द-वोल्ड उजवीकडे टेकडीवर दिसत राहतं. तिथे सायकलीचं दुकान-दुरुस्ती किंवा स्वच्छतागृह हवं असेल तरच चढा, कारण स्टोमध्ये सगळे मोठे रस्ते एकत्र येतात आणि आपण दिवसभर ज्यांना टाळलं ते सगळे तिथे भेटतात.

अप्पर स्वेलहून उत्तरेला डॉनिंग्टन. 'ए ४२४' पुन्हा एकदा ओलांडायचा. २१ मार्च १६४६ रोजी पहिल्या इंग्रजी यादवी युद्धातली शेवटची मैदानी लढाई याच भागात झाली. आज तिथे मेंढ्या चरतात. डॉनिंग्टननंतर 'ए ४२९', आणि तो ओलांडला की दिवसातल्या सगळ्या ओलांडण्या संपल्या. इथून मी नेहमी दिवसभरात पहिल्यांदा मोकळेपणाने मागे न बघता चार श्वास घेते. ब्रॉडवेलपर्यंत उतार आहे. पुढे इव्हनलोड गावापर्यंत खोऱ्यातला सपाट रस्ता, आणि नैऋत्येचा वारा असेल तर तो आता पाठीमागून ढकलतो.

इव्हनलोडहून मोरटन साडेचार-पाच किलोमीटर. शेवटी रस्ता गावात शिरतो तेव्हा जरा जपून, मंगळवारी तर जास्तच, कारण त्या दिवशी रुंद हाय स्ट्रीटवर आठवडी बाजार भरतो. जवळच सेझिनकोट नावाचं घर आहे. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा मिळवून आलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी १८०५ च्या सुमारास बांधलेलं, वर मुघली घाटाचा तांब्याचा घुमट. त्याच्या आवारातून जाते ती पायवाट आहे, म्हणून सायकल मोरटनमध्येच कुलूप लावून ठेवावी लागते आणि चालत जायला दोन-तीन तास वेगळे काढावे लागतात.

स्टेशन हाय स्ट्रीटच्या उत्तर टोकाला आहे. गाडीच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. एका ओल्या फडक्याने चेनवरचा आणि चाकांवरचा चिखल पुसा, बाटल्या काढून पिशवीत टाका आणि राखीव जागेच्या तिकिटावरचं डब्याचं अक्षर बघून फलाटावर त्याच टोकाला उभे राहा. गाडी दोन मिनिटंही थांबत नाही, आणि सायकलीचा डबा चुकला तर लांबलचक फलाटावरून धावावं लागतं.